तीनशे चाळीस जणांचा राजीनामा

पंचशीलाचा जन्म छप्पन सालच्या डिसेंबरातला. दीक्षा घेऊन नुकत्याच परतलेल्या माणसांनी तिचं नाव ठेवलं, आणि किल्लारीच्या त्या वस्तीत असं नव्या तऱ्हेचं नाव मिळालेली ती पहिली पोर. ते दिवस लक्षात राहावेत म्हणून नाव ठेवलं होतं. त्यापायी झालं असं, की तिचं वय कुणालाच विसरता येईना. सरकारला तर नाहीच नाही.

आणि वयावरच सगळं अडलेलं होतं. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या उघडल्या, नवी टेबलं आली, त्यांच्यामागं बसायला माणसं हवी होती. पंचशीला मॅट्रिक झालेली, औशाला जाऊन मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. कारकुनाच्या जागेला तिला वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येत होता. लग्न झालं, वर्षभरात मोडलं, त्यावर वस्तीनं चघळायचं तेवढं चघळून घेतलं. आता तिला एकच गोष्ट हवी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एक खुर्ची, आणि तेहतीस पुरी व्हायच्या आत.

पण जागा निघाल्याचं कळणार कसं? किल्लारीच्या वाचनालयात पेपर यायचा, तो आधी चहाच्या हॉटेलात फिरून, भज्यांचं तेल पिऊन तिच्या हाती पडायचा. म्हणून सत्त्याऐंशी साली तिनं पुण्याहून निघणाऱ्या ‘नोकरीदूत’ साप्ताहिकाची वर्षाची वर्गणी भरली. ‘राज्यातली प्रत्येक जाहिरात, दर शुक्रवारी घरपोच’ असं त्यावर छापलेलं असायचं. वर्गणीसाठी तिच्या आईनं, कोंडाबाईनं, शेळीचं करडू विकलं. करडू तिचं लाडकं होतं, पण ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

त्या साली पाऊस नावाला पडला. विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि मायलेकी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायला लागल्या. पंचशीला हातोडी चालवायची आणि शुक्रवारची वाट बघायची. शुक्रवार यायचा, साप्ताहिक यायचं नाही. मग एखाद्या दिवशी तीन आठवड्यांचे अंक एकाच वेष्टनात बांधून यायचे. पुण्याच्या मालकानं टपालखर्च वाचवायला मराठवाड्याचे गठ्ठे तुंबवून पाठवायचा सपाटा लावला होता. नांदेड-लातूरची माणसं अशी किती बोंबलणार, असा त्याचा हिशेब असावा, आणि तसा तो फारसा चुकीचाही नव्हता.

लातूर जिल्हा परिषदेत अठरा कारकुनांची जाहिरात निघाली. अर्जाची शेवटची तारीख बारा. तो अंक तिच्या हाती पडला एकोणीसला. तिनं जाहिरात दोनदा वाचली, अंक घडी घालून ठेवला आणि पाटी उचलली. असं त्या वर्षात चार वेळा झालं. वेष्टनं मात्र तिनं एकही टाकलं नाही. प्रत्येकावर टपालाचा शिक्का होता, शिक्क्यात तारीख होती.

किल्लारीत शिकवण्या घेणाऱ्या मन्मथ सरांचीही तीच वर्गणी होती, तीच गत होती. माणूस खटपट्या. ग्राहकांसाठी नवा कायदा झाल्याचं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि त्यांच्या अंगात आलं. बसनं लोह्याला गेले, कंधारला गेले, वर्गणीदार हुडकून काढले. तीनशे चाळीस नावं भरली. लातूरच्या शेषेराव वकिलांनी सगळ्यांच्या वतीनं एकच तक्रार ग्राहक मंचापुढं घातली. पंचशीलाची वेष्टनं पाहून वकील म्हातारे खूश झाले.

“केस या बाईच्या जिवावर उभी हाय,” ते म्हणाले.

मग तारखा सुरू झाल्या. कधी समोरचा वकील आजारी, कधी पुण्याहून कागद आला नाही, कधी सुटी. प्रत्येक तारखेला पंचशीला एक दिवसाची हजेरी बुडवून लातूरला जायची, मागच्या बाकावर बसायची आणि परत यायची. साप्ताहिकाची वर्गणी केव्हाच संपली होती, पुन्हा भरायची ऐपत नव्हती. मधल्या काळात दोन अर्ज तिनं ऐकीव माहितीवर केले. एकाची परीक्षा दिली, तीन गुणांनी नाव हुकलं. डिसेंबर आला, आणि तिला तेहतीस पुरी झाली. त्या दिवशी तिनं भाकरी थापल्या, पाणी भरलं, कामावर गेली. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आतून सगळं बधिर झालेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला बरंच वाटलं.

फेब्रुवारीत मन्मथ सर दारात आले. “जयभीम, ताई. चला लातूरला. जिंकलो आपण.”

शेषेरावांच्या कचेरीत पेढ्यांचा पुडा उघडा होता. टेबलावर टाइप केलेला कागद होता. वकील निजामाच्या कोर्टात उमेदवारी केलेले, त्यांची भाषा अजून तिथलीच. कागदाच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: राजीनामा.

पंचशीलानं त्या शब्दाकडं बघितलं. “हे काय, वकीलसाहेब? कुनाचा राजीनामा?”

“समझोता, बाई. आमच्या वेळेला कोर्टात ह्यालाच राजीनामा म्हनत. दोन्ही बाजू राजी झाल्या असं लिहून द्यायचं.”

त्यांनी वाचून दाखवलं. मालकाला चूक मान्य नाही. तरीही तो प्रत्येक वर्गणीदाराला एक वर्ष ‘नोकरीदूत’ फुकट पाठवील, आणि इथून पुढं दर शुक्रवारी पाठवील. वकिलांची फी मालक देईल. वर्गणीदारांची या बाबतीत आणखी काही मागणी राहणार नाही.

“मला काय करायचंय आता ते फुकट घेऊन?” पंचशीला म्हणाली. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं. “माझी वयाची अट डिसेंबरातच संपली.”

शेषेराव चष्मा पुसायला लागले. म्हातारा लबाड नव्हता. “वय सरकारच्या हातात, बाई. पुन्याचा मालक ते कुठून देनार? एकेकाचं नुकसान मोजत बसलो असतो, तर आनखी धा वर्सं गेली असती.”

“बाकीचे राजी हायेत?”

“राजी हायेत,” मन्मथ सर म्हणाले. त्यांचा पेढा हातातच राहिला होता. “ताई, लोह्याचं एक पोरगं हाय, एकवीस वर्सांचं. त्याला वर्सभर अंक फुकट भेटंल, अन् येळेवर. त्याचं तर भलं होईल ना.”

होणार होतं, हे तिलाही दिसत होतं. त्या पोराचा तिला हेवा वाटला नाही, आनंदही वाटला नाही. तिनं पेन घेतलं आणि तीनशे चाळिसांपैकी एकशे बाराव्या नावापुढं सही केली. सही मात्र सुरेख होती. कचेरीच्या हजेरीपटावर करायची म्हणून कधीकाळी तिनं ती पाटीवर घोटून घोटून बसवलेली होती. वकिलांनी कागदाची एक प्रत तिच्या हातात दिली, पेढा दिला. पेढा तिनं कोंडाबाईसाठी पदरात बांधला.

घरी आल्यावर तिनं तो कागद कोनाड्यात ठेवला आणि टँकर आला म्हणून घागरी घेऊन पळाली.

कोंडाबाई प्रौढांच्या वर्गाला दोन हिवाळे बसलेली. बारीक अक्षर तिला लागायचं नाही, पण मोठं अक्षर एकेक करून जुळवता यायचं. मागल्याच साली सरपंचानं राजीनामा दिला होता, तेव्हा तो शब्द गावभर झाला होता. पंचशीला डोक्यावर घागर घेऊन आली, तर म्हातारी कागद मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. तिचं बोट पहिल्या ओळीवर होतं.

“रा-जी-ना-मा,” कोंडाबाई म्हणाली. “अन् खाली तुजी सही. मला वळखू येती.”

पंचशीलानं घागर उतरवली.

“लागली व्हतीस व्हय गं नोकरीला? मला बोलली न्हाईस. तारीख हाय म्हनून लातूरला जात व्हतीस, ते खरं कामावर जात व्हतीस का?”

पंचशीलानं वर बघितलं. आईचं तोंड उजळलेलं होतं. करडू विकल्यापासून ते तोंड असं दिसलं नव्हतं. शब्दाचा जुना अर्थ सांगायचा, तर वेष्टनापासून सुरुवात करावी लागणार होती.

“हाव,” ती म्हणाली. “लागले व्हते.”

“खुर्ची व्हती?”

“व्हती.”

“मग सोडलीस कशापायी?”

“लांब पडत व्हतं, माय.”

कोंडाबाईनं कागदाची नीट घडी घातली, पत्र्याची पेटी उघडली आणि टायपिंगच्या प्रमाणपत्राखाली ती ठेवून दिली. मग पंचशीलानं पदरातून सोडून दिलेला पेढा घेऊन ती शेजारणीकडं निघाली. अर्धा पेढा तिला द्यायचा होता.

“पोरीनं नोकरी सोडली,” असं ती दारातूनच सांगत होती.

पंचशीला घागरीतलं पाणी गाळायला बसली. दोन दिवसांनी शुक्रवार होता, आणि ‘नोकरीदूत’ वेळेवर आला.