सिताराम मिस्त्रींची खूण

मी एक जुनी सागवानी फळी आहे. लांबी जेमतेम तीन फूट, पण तोरा विचाराल तर अख्ख्या ओंडक्याचा! मित्रांनो, एके काळी नेरूळ-वाशीच्या कितीतरी कपाटांच्या चित्रांत मीच होते.

नेरूळजवळच्या शिरवणे गावात सिताराम मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. १९९७ साली तिथे नफिसा एक चित्र घेऊन आली. फर्निचर बनण्याआधीच ते संगणकावर दाखवायचं, हा तिचा नवा उद्योग. पहिलंच काम जयमालाबाईंच्या नव्या फ्लॅटमधल्या कपाटाचं, आणि बाईंनी चित्र बघून नाक मुरडलं होतं. "अगं, हे लाकूड की प्लास्टिक? शनिवारपर्यंत जमलं तर बघू, नाहीतर राहू दे." पोरगी अगदी रडकुंडीला आली होती.

मिस्त्रींनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. "बाय, एकच गाठ बारा वेला? आनि आडव्या पट्टीला पन उभ्याच रेषा? असा दरवाजा कोन बनवतो!"

मग त्यांनी मला रंधा मारला आणि तिच्या हाती दिलं. "पॉलिश नको करू हां, नुसती चमक दिसल."

नफिसाने मला स्कॅनरच्या काचेवर थोडं थोडं सरकवलं. गार काच, खालून सरकणारा उजेड. मला तर गुदगुल्याच झाल्या! मग तिने ते तुकडे संगणकावर जोडले, गाठी इकडेतिकडे हलवल्या, आडव्या पट्ट्यांवर माझ्या रेषा आडव्या फिरवल्या.

शनिवारी चित्र छापून हातात आलं, आणि बघते तर काय, कपाटाच्या दारावर पेन्सिलीचा फराटा! रंधा मारून झाला की दर्शनी बाजू कळावी म्हणून मिस्त्री प्रत्येक फळीवर खूण करायचे. माझ्यावरची पुसायचीच राहिली होती. पुन्हा छापायला वेळ कुठला? जयमालाबाई दारात उभ्या.

बाईंनी त्या खुणेवर बोट ठेवलं. "ही मिस्त्रींची पेन्सिल का गं?"

"हो... चुकून राहिली."

बाई हसल्या. "माझे वडील सुतारच होते. आता वाटतंय लाकूड. बनवायला घ्या!"

पुढच्या चित्रांतून नफिसाने ती खूण काढली, माझ्या अंगावरची मात्र राहू दिली. काय कौतुक व्हायचं माझं! मग लाकडांच्या तयार चित्रांच्या सीडी बाजारात आल्या आणि मी नफिसाच्या घरच्या बाल्कनीत गेले. मिस्त्री वारले. दुकानाच्या जागी इमारत उभी राहिली. त्यांची फार आठवण येते हो.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, वाळवीपासून जपा. वाटलं तर थोडं तेल लावा. पण साफसफाईच्या नादात ती खूण तेवढी घासू नका. मिस्त्रींच्या हातचं एवढंच उरलंय.