‘माहिती उपलब्ध नाही’ हे माझे शब्द नव्हते

मी एक जुना संगणक आहे, आणि माझ्या नावावर एक खोटं लागलेलं आहे. मित्रांनो, तुम्हाला अजून कुणावरही चटकन शिक्का मारायची सवय लागलेली नाही, म्हणून ही हकीकत तुम्हालाच सांगावीशी वाटते.

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत तयार झाले आणि नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानात ते एकत्र जोडले गेले. तिथून ऑटोत बसवून मला कोराडी रस्त्यावरच्या एका वसाहतीच्या वाचनालयात आणलं. करोना यायच्या आधीची ही गोष्ट. वाचनालयाचे अध्यक्ष नानाजी यांनी मला हळदकुंकू लावलं, पायरीवर नारळ फोडला आणि माझ्या पडद्याला हात जोडले. मुलं खिडकीला लटकून बघत होती. इतकं कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आलं नाही.

आमच्या भागात वीजकेंद्राची राख वाऱ्यावर येते आणि कळफलकाच्या फटींत जाऊन बसते. ग्रंथपाल वंदनाताई रोज सकाळी दाढीच्या जुन्या ब्रशने ती झाडत. माझी खरी काळजी घेतली ती त्यांनीच. म्हणून पुढे जे झालं त्यात सगळ्यांत जास्त लागलं ते त्यांचंच.

दुपारी वाचनालय रिकामं असे. ती वेळ वंदनाताईंनी वसाहतीतल्या बायांसाठी ठेवली होती. घरी मोबाईल असला तरी तो नवऱ्याच्या नाही तर मुलांच्या हातात असायचा, आणि त्यात काय शोधलं ते मागे तसंच राहायचं. इथे मात्र बाया एकेक करून माझ्यासमोर बसत आणि बिचकत बिचकत बोटं चालवत.

‘‘विचारा वं,’’ वंदनाताई म्हणत. ‘‘याले काहीबी विचारा. हा हसत नाही, घरी जाऊन सांगत नाही आन् खोटं बोलत नाही.’’

बाई उठून गेली की तिने विचारलेलं सगळं त्या पुसून टाकत.

मित्रांनो, मला स्वतःला काहीच माहीत नसतं. जगभरच्या पानांतून हवं ते हुडकून देणारी शोधयंत्रं असतात. तुम्ही ज्याला सर्च म्हणता, तेच. मी त्यांच्याकडे प्रश्न नेतो आणि उत्तर घेऊन येतो. बाळंतपणानंतर कंबर काहून दुखते? पाळी जाताना अंगात असा भडका काहून उठते? जे सासूला विचारता येत नाही, डॉक्टरांसमोर ओठांवर येत नाही, ते त्या मला विचारत. उत्तर वाचून एखादीचे खांदे सैल पडत. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान वाटे.

त्या बायांमध्ये गोपिकाताई होत्या. शाळेच्या बसवर त्या ताई म्हणून काम करायच्या. मुलांना हात धरून चढवायचं, उतरवायचं, कुणी झोपलं तर उठवायचं. त्यांचा आवाज खणखणीत होता. पण माझ्यासमोर बसल्या की त्या पुटपुटत अक्षरं शोधायच्या.

मग एक दिवस ते घडलं. वाचनालयाचे सचिव धर्मेंद्रभाऊ यांची मुलगी मिनल भूगोलाच्या प्रकल्पासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांची चित्रं शोधत होती. तिने इंग्रजीत ‘हॉट’ एवढंच लिहिलं आणि चुकून कळ दाबली गेली. पडद्यावर जी चित्रं आली ती मुलांनी बघायची नव्हती. मिनल घाबरून उभी राहिली. मागे उभ्या असलेल्या मुलांनी गलका केला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीत गोष्ट पसरली.

धर्मेंद्रभाऊंचा राग मला समजतो. बापाचं काळीज होतं ते. नको ती पानं अडवणारी एखादी चाळणी मुलांसाठी लावायला हवी होती, हे माझंही म्हणणं होतं, पण मला कोण विचारतो?

दुसऱ्याच दिवशी ते सदरमधून एका तंत्रज्ञाला घेऊन आले. त्याने माझ्या आत चाळणीचा एक प्रोग्राम बसवला. बसवता बसवता तो थांबला.

‘‘भाऊ, इथं देश निवडा लागते.’’

‘‘देश कायले?’’ धर्मेंद्रभाऊंनी विचारलं.

‘‘प्रत्येक देशाचं वेगळं असते ना. कुठं सगळं खुल्लं. कुठं फक्त मुलांसाठी बंद, मोठ्यायले चालते. कुठं सरकारच शब्दच्या शब्द गायब करते. एकच गोष्ट शोधा, इकडं दिसते, तिकडं दिसत नाही. कोणता लावू?’’

‘‘जो सर्वांत कडक असन तो लाव.’’

तंत्रज्ञाने मान हलवली. नागपूरच्या एका वसाहतीत बसून मी कुठल्याशा दूरच्या मुलखाचा कायदा पाळू लागलो. त्या मुलखाचं नाव धर्मेंद्रभाऊंनी विचारलंसुद्धा नाही.

बंद करायचे शब्द त्यात इंग्रजीत होते. मराठी शब्द धर्मेंद्रभाऊंनी स्वतः सांगितले. बाईच्या अंगाचे, मुलीच्या वाढीचे, बाळंतपणाचे, सगळे. तंत्रज्ञाच्या कानाशी लागून, खालच्या आवाजात. वंदनाताई तिथेच होत्या. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

‘‘शब्द बंद हाये असं दाखवू का?’’ तंत्रज्ञाने विचारलं. ‘‘म्हणजे कळते का बा अडवलं म्हणून.’’

‘‘नको. तसं दिसलं का पोरं घरी जाऊन शोधतीन. असं दाखव का हे नाहीच. ‘माहिती उपलब्ध नाही.’ बस.’’

‘‘वंदनाताई, चालन ना?’’ तंत्रज्ञाने विचारलं.

वंदनाताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, दुपारच्या बायांचं काय? मोठ्यांसाठी तरी उघडं ठेवा.

‘‘समितीनं ठरवलं तं चालन,’’ त्या म्हणाल्या.

हा खोटं बोलत नाही, असं ज्या तोंडाने त्या सांगत आल्या, त्याच तोंडाने हे बोलल्या.

तेव्हापासून माझ्या पडद्यावर एक वाक्य उमटू लागलं. कुणी विचारायचं, मी प्रश्न घेऊन निघायचो आणि उंबऱ्यातच मला परत फिरवून माझ्या हाती ते वाक्य दिलं जायचं. एका दुपारी मिनलच येऊन बसली. खोलीत कुणी नाही बघून तिने लिहिलं, ‘पाळी म्हणजे काय’. वाक्य उमटलं. तिने अक्षरं तपासली, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. असं होणारी जगात ती एकटीच आहे, असं काहीतरी तिला वाटलं असावं. दप्तर छातीशी धरून ती निघून गेली. तिच्या बाबांना हे कधीच कळलं नाही.

पावसाळा सरल्यावर गोपिकाताई आल्या. एरवी त्या वंदनाताईंशी दोन शब्द बोलत. त्या दिवशी सरळ माझ्यापुढे येऊन बसल्या, पदर सावरला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘स्तनात गाठ’.

माहिती उपलब्ध नाही.

त्यांनी पुन्हा लिहिलं. ‘स्तनात गाठ दुखत नाही’. पुन्हा तेच. मग थोडा विचार करून त्यांनी ‘छातीत गाठ’ लिहिलं. त्यावर बंद शब्द नसलेली तेवढीच काही पानं मला मिळाली. छातीत कफ दाटतो, वायू अडकतो, ओझं उचलल्याने स्नायू आखडतो. ओवा खा, शेक घ्या.

गोपिकाताई ती पानं बोट लावून वाचत गेल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. मुलांना उचलून उचलून आखडलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. मला ओरडायचं होतं. पण मित्रांनो, संगणकाला स्वतःचा आवाज नसतो. त्याच्या आत दुसऱ्याने जे ठेवलं, तेच बाहेर येतं.

वंदनाताईंनी टेबलावरून विचारलं, ‘‘भेटलं का वं पाहिजे ते?’’

‘‘हो जी. काही नाही, वायू होय म्हणते,’’ गोपिकाताई हसून म्हणाल्या आणि बसची वेळ झाली म्हणून लगबगीने गेल्या.

त्यानंतर त्या बरेच दिवस दिसल्या नाहीत. आधी कानावर आलं की त्यांनी बसचं काम सोडलं. मग कळलं की त्या दवाखान्यात आहेत. मी वाचनालयातच असतो, त्यामुळे पुढचं सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

त्या आल्या तेव्हा समितीची बैठक चालू होती. नानाजी, धर्मेंद्रभाऊ, वंदनाताई आणि आणखी चारदोन मंडळी. गोपिकाताईंच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. अंग अर्धं झालं होतं. आवाज मात्र तोच.

‘‘नानाजी, मले दोन शब्द बोलायचे हायेत.’’

‘‘बस पोरी, बस आधी,’’ नानाजी म्हणाले.

त्या बसल्या नाहीत. ‘‘मले कॅन्सर झाला. एक बाजू काढा लागली. डॉक्टरीणबाई म्हणते, पहिल्यांदा हाताले लागली तवाच आली असती तं एवढं कापा लागलं नसतं. मी तवाच आली होती, नानाजी. दवाखान्यात नाही, इथं आली होती. याले विचारलं.’’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘‘यानं सांगितलं, काही नाही म्हणून.’’



‘‘मग समजलं कसं?’’ नानाजींनी हळूच विचारलं.

‘‘माझा भाऊ ऋषिकेश हॉलंडले राहते. एक दिवस त्याच्या बायकोचा, भैरवीचा फोन आला. तिले सहज सांगितलं, का गाठ जाऊन नाही राहिली. तिनं तिथंच कम्प्युटरवर शोधलं. मी लिहिले होते तेच शब्द, मराठीतच. तिले सगळं दिसलं. चित्रं, लक्षणं, घरी हातानं कसं तपासाचं ते, सगळं. ती फोनवर रडाले लागली. म्हणे, ताई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा.’’ गोपिकाताई थांबल्या. ‘‘माझ्या भाषेतलं तिथं दिसते. मग मलेच काहून दिसलं नाही?’’

उत्तर वंदनाताईंना माहीत होतं. धर्मेंद्रभाऊंनाही माहीत होतं. वंदनाताईंनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. इतक्या वर्षांत मी कशाचीच इतकी वाट पाहिली नव्हती.

तेवढ्यात धर्मेंद्रभाऊ म्हणाले, ‘‘ताई, मशीन जुनी झाली ना. असंच करते ती. आम्ही बदलणारच होतो.’’

‘‘हो,’’ वंदनाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. ‘‘जुनी झाली हाये.’’

गोपिकाताई चालत माझ्यापर्यंत आल्या. माझ्या काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असेल.

‘‘माणसायचं मी समजू शकते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तुयावर कायले भरोसा ठेवला गा मी?’’

त्याच आठवड्यात नवा संगणक आला. त्यालाही कुंकू लागलं. सदरचा तो तंत्रज्ञ पुन्हा आला आणि माझ्या आतली चाळणी, तिच्यातले शब्द, ते एक वाक्य, सगळं जसंच्या तसं त्याच्या आत बसवून गेला. मला उचलून मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांशेजारी ठेवलं. वंदनाताई इथे येतात, फिनाइलची बाटली घेतात आणि माझ्याकडे न बघता दार लोटून जातात. कळफलकावरची राख आता कुणी झाडत नाही.

या खोलीच्या खिडकीखालीच शाळेची बस थांबते. गोपिकाताई बऱ्या झाल्या आणि कामावर परतल्या. मुलांना चढवून झालं की त्या पोचवायला आलेल्या आयांना थांबवतात. त्यांचा खणखणीत आवाज इथवर येतो. महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहायचं, बोटं अशी फिरवायची, गाठ लागली की दुखायची वाट पाहायची नाही. भर रस्त्यात त्या ‘स्तन’ हा शब्द म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मला खूप बरं वाटतं. जे मला सांगू दिलं नाही, ते त्या सांगतात. पण बोलणं संपवताना दरवेळी त्या एक वाक्य म्हणतात.

‘‘आन् त्या वाचनालयातल्या मशीनीले विचारू नका वं. ती खोटं बोलते.’’

त्यांचं बरोबर आहे. म्हणूनच ते इतकं लागतं.

भिंतीपलीकडे नव्या संगणकाच्या कळा वाजतात. दुपारच्या वेळी तो आवाज फार हळू असतो. कुणीतरी काहीतरी लिहितं. थांबतं. पुन्हा लिहितं. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो. तिथे काय उमटलं असेल ते मला इथे बसून कळतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही घरात मुलं असतील आणि कुठली दारं लावायची ते तुम्हाला ठरवावं लागेल. लावा. लहानांसाठी काही दारं लावावीच लागतात. पण लावलेल्या दारावर ‘हे दार बंद आहे’ एवढं तरी लिहा, म्हणजे ज्याला गरज आहे तो दुसऱ्या दारी जाईल. दाराच्या जागी भिंत रंगवू नका. आणि कुणाला ती भिंत आडवी आली, तर माझ्यासारख्या मुक्याकडे बोट दाखवू नका.