निळीच्या झग्याची कंबर

निळी जन्मली तीच हृदयात भोक घेऊन. ओठ सदा निळे, म्हणून ती निळी. चार वर्षांची असताना ऑपरेशन झालं, ओठ गुलाबी झाले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. "दरवर्षी दाखवत जा," डॉक्टरांनी आईला बजावलं होतं. आईने काही वर्षं नेलंही. मग पोर शाळेच्या शर्यतीत पहिली आली आणि आईला वाटलं, चला, सुटलो एकदाचे!

पुढे निळी शिवणकामात पडली. प्रत्येक कपड्यात ती आतून माया ठेवायची, म्हणजे दोन बोटं जादा कापड. "माणूस काय, वाढतंच," म्हणायची. चाळिशी उलटली तशी तिचीच कंबर वाढू लागली. तिने झग्याची शिवण उसवून सैल केली. महिन्याभरात पुन्हा घट्ट, पुन्हा उसवली. जिना चढताना धाप लागे, तर म्हणे वय झालं. आता या शहाणीला काय म्हणावं? गावाची मापं घेणारी बाई स्वतःच्या मापात फसली!

शेवटी माया संपली. नवा झगा बेतायला घेतला. आई खाली बसून घेराला टाचण्या लावत होती. तिचा अंगठा निळीच्या नडगीवर टेकला, तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

"अगं, ही चरबी नाही, सूज आहे. चल, आधी दवाखान्यात!"

भोक नीट बुजलेलं होतं. पण लहानपणीच्या त्याच ऑपरेशनात हृदयाची एक अरुंद झडपही मोकळी केली होती, ती इतकी वर्षं गळत होती आणि हृदय ताणून मोठं झालं होतं. "वेळेत आलात. आणखी थांबला असतात तर नवी झडप बसवूनही फायदा नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑपरेशनला नेताना आईला रडू आवरेना. "मीच न्यायचं बंद केलं. माझ्यामुळेच झालं गं सगळं."

"तुझ्यामुळेच," निळीने तिचा हात धरला. "चौथ्या वर्षी तू ऑपरेशनला नेलं नसतंस, तर मला चार वर्षांच्या पोरीच्या मापापुढचा झगा लागलाच नसता."

नवी झडप बसली, सूज उतरली, झगा अंगावर लोंबू लागला. निळीने कंबर आत घेतली. आईने कात्री पुढे केली. "जादा कापड कापू?"

"राहू दे," निळी म्हणाली. "आता वाढले, तर जेवून वाढेन. आणि दरवर्षी दाखवायला हाच घालून जाईन. तूही चल."