मलमलीतून गाळलेली बाटली

ठमी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची कुत्री. तांबूस, आखूड पायांची, अंगाने भरलेली. दीर शिंपी होते, आणि घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. ठमी शिलाई मशीनशेजारी झोपे. गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडून माप नीट घेतलं जातंय ना, ते बघे आणि पुन्हा मिटे. दिरांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. ठमी दादांची, आणि दादा ठमीचे, असा हिशोब होता.

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला होते. कितीतरी चेहरे आता पुसट झालेत, पण नळीत फिरवायचा तो लांब दांड्याचा ब्रश अजून हातात जाणवतो.

त्या वर्षी ठमीला लघवीचा त्रास सुरू झाला. घडीघडी बसायची आणि चार थेंब पडायचे. दहा दिवस गोळ्या दिल्या की बरं वाटे, तीन आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं चारदा झालं. दर वेळी दादा तिची लघवी बाटलीत धरून तपासायला आणत, आणि दर वेळी चिठ्ठीवर लिहिलेलं असे, जंतू आढळले नाहीत.

मग एका वकिलाचा नवा काळा कोट सतरंजीवर पसरलेला असताना ठमी नेमकी त्यावर बसली. थोरल्या जाऊबाईंचा धीर सुटला. जंतू नाहीत म्हणजे ही खोडच आहे, लाडाने डोक्यावर बसवून ठेवलीय, असं म्हणाल्या. दूधवाल्याला गोठ्याच्या राखणीला कुत्रं हवंच होतं. तो रविवारी येऊन ठमीला नेणार असं ठरलं. त्या दिवशी दादांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

गुरुवारी सकाळी मी कामाला निघाले, तर दादा मोरीत उकिडवे बसलेले. एका हातात बाटली, दुसऱ्यात मलमलीची चौपदरी घडी, आणि ठमीची लघवी त्या घडीतून थेंब थेंब गळत होती.

"दादा, हे काय?"

"गाळतोय. असला गाळ डॉक्टरीणबाईंपुढे कसा न्यायचा? बाटलीसुद्धा जंतुनाशक घालून ठेवतो मी रात्रभर. आपल्या घरातून घाण गेली असं व्हायला नको."

मी कपडा हातात घेतला. त्यावर बुळबुळीत, शेंबडासारखे कण होते. हा बुळबुळीतपणा माझ्या ओळखीचा होता. प्रयोगशाळेतल्या काही नळ्या ओतून, खळबळून काढल्या तरी आतून निसरड्याच राहायच्या. ब्रशने घासल्याशिवाय तो थर सुटत नसे.

मी दादांना, ठमीला आणि त्या कपड्याला घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मलमलीने जंतू अडत नाहीत, म्हणाल्या, पण बाटलीतल्या जंतुनाशकाने मरतात, आणि जे कण मला बघायला हवे होते ते तुम्ही दर वेळी मोरीत सोडलेत. दादा खाली मान घालून चपलांकडे बघत राहिले. बाईंनी मग पोटातून सुईने स्वतः नमुना घेतला आणि ठमीचा एक्स-रे काढला. मूत्राशयात कोटाच्या बटणाएवढा खडा होता. शनिवारी दुपारी नमुन्यातही जंतू वाढलेले दिसले.

"सुटा जंतू गोळीने मरतो," बाईंनी दादांना समजावलं. "पण हे खड्यावर चिकट घर बांधून आत बसलेत. गोळी अंगणातले तेवढे मारते. ती थांबली की आतले पुन्हा बाहेर."

त्या थराला बायोफिल्म म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. दादांना घर आणि अंगण पुरेसं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी जाऊबाईंना तेच सांगितलं, आणि बोटाने बटणाचं माप दाखवलं. जाऊबाई हातातली भाजी निवडत राहिल्या.

रविवारी दूधवाला दोरी घेऊन दारात आला. ठमी मशीनशेजारून उठली नाही. दादाही उठले नाहीत. जाऊबाई पदराला हात पुसत पुढे गेल्या.

"भाऊ, कुत्री आजारी आहे आमची. पोटात खडा घेऊन इतके महिने पायाशी बसली आणि मी तिलाच बोल लावला. गोठ्याला तुम्ही दुसरं बघा."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून खडा काढला. नंतर सहा आठवडे गोळ्या चालल्या, आणि त्या जाऊबाईंनी घड्याळ लावून दिल्या. दादा विसराळू आहेत, असं कारण सांगून.

टाके काढले त्या सकाळी ठमी मागच्या अंगणात गेली, कोपरा हुंगला आणि बसली. धार सलग, बराच वेळ चालली. दादा, मी आणि जाऊबाई श्वास धरून उभे होतो. दादांचे डोळे भरून आले होते.

"बघत काय उभे राहिलात?" जाऊबाई म्हणाल्या. "बाईमाणसाला काही लाज असते की नाही?" आणि दादांचे खांदे धरून त्यांनी त्यांचं तोंड भिंतीकडे फिरवलं.