निबंधात न आलेला टँकर

माझा भाऊ निहार फार विनोदी बोलतो, असं लोक म्हणतात. मला तो लहानपणापासून कधीच विनोदी वाटला नाही. पण दोन हजार सात साली भाईंदर पश्चिमेच्या एका वाचनालयात त्याचं भाषण होतं आणि बाबा म्हणाले, "पिंकी, मला घेऊन चल." म्हणून गेले.

विषय होता 'भाईंदरचं पाणी'. एम.ए.ला असताना निहारने याच विषयावर निबंध लिहिला होता आणि विद्यापीठात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. बाबांनी तेव्हा चाळीभर पेढे वाटले आणि निबंध वाचायला मागून घेतला. सातवी शिकलेला माणूस, रोज जेवण झालं की ओळीवर बोट ठेवून वाचत बसायचा. खाडी, विहिरी, पाइपलाइन, वाढती वस्ती, सगळं त्यात होतं. टँकर नव्हता. शेवटचं पान संपल्यावर बाबांनी मागचं कोरं पानसुद्धा उलटून पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं लिवलंय."

आमचे बाबा, दशरथ पाष्टे, भाईंदरमध्ये पाण्याचा टँकर चालवायचे. स्वतःचा टँकर. त्याच्यावरच आमची चूल पेटायची आणि निहारचं कॉलेज चालायचं. टँकर आमच्या खिडकीखालीच उभा असायचा आणि त्याच्या पाठीवर पेंटरकडून लाल रंगात हे मोठं नाव लिहून घेतलेलं होतं: निहार. माझं खाली, मडगार्डवर, बारीक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळशावर याचंच नाव होतं!

त्या संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "आज सांगेल बघ तो," रिक्षात म्हणाले. "आता मोठा माणूस झाला. आता कशाला लाजेल?" हॉलमध्ये शिरल्यावर बॅनर वाचला, 'प्रा. निहार डी. पाष्टे', आणि तिथेच माझं डोकं सटकलं. बापाचं नाव लिहायला याला जागा कमी पडली होती का?

समोर बसलेले बहुतेक नव्या सोसायट्यांतले. आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. निहारने रंगात येऊन आपल्याच जुन्या निबंधाची खिल्ली उडवायला घेतली. कुठले जड शब्द वापरले होते, कुठला तक्ता उलटा छापला होता. लोक हसत होते. बाबा पुढे सरकून ऐकत होते.

"आणि कमाल सांगू?" निहार म्हणाला. "भाईंदरच्या पाण्यावर अख्खा निबंध, आणि त्यात टँकर हा शब्दच नाही! पुस्तकात डोकं खुपसून बसलेला मुलगा मी. टँकर कधी धड बघितलाच नव्हता!"

सगळा हॉल खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटारडा मेला! मी उठणार, तोच बाबांनी माझा हात दाबला आणि स्वतःच उभे राहिले.

"सर, एक विचारू?"

निहारचं हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं. "विचारा ना, काका," तो म्हणाला.

काका! जन्मदात्या बापाला काका!

बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "निबंध लिवला त्या टायमाला तुम्ही राहायला कुठं होता?"

"इथेच. भाईंदरला."

"खिडकीतून काय दिसायचं?"

माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता तरी बोलेल. मी खरंच त्याला एक संधी दिली.

"रस्ता," तो म्हणाला.

"रस्ता," बाबा म्हणाले. "मग बरोबर आहे. निबंधात काय चूक नाय."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने सरांना शाबासकी दिली. टाळ्या पडल्या. मी हात मांडीखाली दाबून बसले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई कौतुकाने पुढे आल्या. "आजोबा, तुमचं नाव सांगा ना सगळ्यांना."

बाबा खाली बसायच्या बेतात होते. ते पुन्हा सरळ झाले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि निहारच्या डोक्यावरच्या बॅनरकडे बोट दाखवलं.

"लिवलंय की वर," ते म्हणाले. "तो मधला डी. तो मी."