कुणीच न धरलेला नियम

मित्रांनो, मी एक जुना, छोटासा नियम आहे. नवजात बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेटीच्या संगणकात मी राहतो. पेटी गार पडू लागली की घंटा वाजवायची, एवढंच माझं काम.

ही पेटी बनवणाऱ्या ताईने मला संगणकाच्या स्कीम या भाषेत लिहिलं. ऊब मोजणारा भाग तिच्या धाकट्या भावाने सी भाषेत लिहिला होता. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून दोघं बसत. स्कीमच्या मुलखात एक झाडूवाला फिरतो. ज्याला कुणीच धरलेलं नाही, त्याला तो कचरा समजतो आणि त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. सीकडे असा कुणी नाही. तिथे ज्याचं त्याने सांभाळायचं.

ताईने मला भावाकडे सोपवलं. त्याने माझा फक्त पत्ता टिपून घेतला. ताईचा हात सुटला आणि झाडूवाला आला. सीकडचं टिपण त्याला दिसत नाही. माझ्या शेजाऱ्यांना हात लावत, "हा कामाचा, हाही कामाचा," म्हणत तो पुढे गेला. मला त्याने हात लावलाच नाही, म्हणजे मी कचरा ठरलो! ओरडावं तर मला तोंड कुठे होतं?

तरी चाचणीत घंटा खणखणीत वाजली, कारण माझ्या जागेवर अजून कुणी आलं नव्हतं.

"झकास!" भाऊ म्हणाला. "पाठवून देऊ दवाखान्यात."

माझं कौतुक चाललं होतं आणि मी भीतीने गोठलो होतो.

"थांब रे," ताई म्हणाली. "तिथे पेटी दिवसभर चालणार. आपण चालू केल्या केल्या तपासतोय."

पेटी चालू राहिली. उबेचे नवे नवे आकडे जागा शोधत आले. एक थेट माझ्यावरच येऊन बसला. माझं अर्धं अंग पुसलं गेलं. मग ताईने काचेचं दार उघडलं. चाचणीसाठी बाळाच्या जागी ठेवलेली कापडी बाहुली गार पडत गेली. घंटा गप्प.

"अरे, तो नियम तू धरून ठेवलायस ना?"

"माझ्याकडे नुसता पत्ता आहे. मला वाटलं, तू धरलायस."

"आणि मला वाटलं, तू!"

मग भावाने सीकडून झाडूवाल्याला बजावलं, "हा आमचा आहे. काम संपलं की मीच सांगेन." संगणक पुन्हा चालू झाला, तसा मीही पुन्हा जन्मलो.

आता पेटीत खरं बाळ झोपतं. झाडूवाला येतो, मला हात लावून पुढे जातो. पण तो हात लागेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

मित्रांनो, कुणालाही दुसऱ्याकडे सोपवाल, तेव्हा आधी समोरच्याची पकड बघा. मगच आपली सैल करा.