आधी मला खेळा म्हणे

मी पहिला भाग बोलतोय. ‘लोखंडी नगर’ नावाच्या गेमचा पहिला भाग. तबकडी म्हणा, चकती म्हणा, मला काही फरक पडत नाही. कारखान्यात माझ्यासारखे हजारो छापले गेले. त्या जन्माचं कौतुक मी सांगणार नाही.

एन्डोला शहरातल्या ‘मासाला’ नावाच्या बाजारात कापेम्ब्वाची गेम खेळायची पत्र्याची टपरी होती. दोन टीव्ही, चार स्टुलं. त्याने मला आणलं तेच वापरलेला. पुढे दुसरा भाग आला, मग तिसरा आला. तिसरा चकचकीत. त्यातली माणसं माणसांसारखी दिसतात, माझ्यातली उकडलेल्या रताळ्यासारखी. पण कापेम्ब्वाचा नियम होता आणि तो भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता : पहिला, मग दुसरा, मग तिसरा.

“मधूनच घुसणारा दर दोन मिनिटांनी विचारतो,” तो म्हणायचा, “हा कोण, ती का रडते. माझं डोकं खातो.”

मला नियम आवडायचा. नाहीतर मला कोण विचारत होतं?

समोर जेरे शिंपी बसायचा. कापेम्ब्वा बेम्बा, जेरे न्गोनी. या दोन जमाती पूर्वी एकमेकींना कापत होत्या. मग नुसत्या जिभेने कापायचं ठरलं. एकाने दुसऱ्याला काहीही बोलावं, मयताच्या दारातसुद्धा, आणि दुसऱ्याने रागवायचं नाही. असली ही भावकी. खरं-खोटं कळायला मार्गच नाही.

एके दिवशी जेरे आला.

“माकडखाऊ, मला तिसरा लाव.”

“आधी पहिला, उंदीरखाऊ.”

“अरे, माझी तियामिके जोहान्सबर्गला गेमची चित्रं काढते. तिसऱ्यात एक बाजार तिने काढलाय. त्यात माझं दुकान आहे म्हणते. मला बघायचंय.”

“तुझी पोरगी? मग बाजारात उंदरांचीच दुकानं असतील!”

“डोळे चाललेत माझे, कापेम्ब्वा. डॉक्टर म्हणाला, दोन-तीन महिने.”

कापेम्ब्वा मांडी थोपटत हसला. त्याचंही चूक कसं म्हणू? मागच्याच वर्षी या जेरेने पाय मोडला म्हणून फुकट बिअर उकळली होती आणि ती पिऊन सगळ्यांसमोर नाचला होता.

“चल, बस. पहिला लावतो.”

दुसरी टपरी असती तर जेरे तिकडे गेला असता. तिसरा भाग साऱ्या बाजारात कापेम्ब्वाकडेच होता. आणि डोळ्यांचं कारण सांगून दुसऱ्यांदा भीक मागायला तो तयार नव्हता. बसला.

रोज दुपारी तासभर यायचा. माझ्या अंगावर एक ओरखडा आहे. पुलाच्या जागेवर मी अडायचो, चित्र थिजायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नऊ वेळा अडलो. मुद्दाम नव्हे. पण खरं सांगतो, मला वाईटही वाटलं नाही. बाकीचे पुलापाशी कंटाळून वेगळाच गेम मागायचे, तिसऱ्यापर्यंत कोणी पोचायचंच नाही; बऱ्याच वर्षांनी कोणीतरी रोज माझ्यासाठी येत होतं. अडीच महिने मी त्याला धरून ठेवलं.

दुसऱ्या भागाच्या वेळी तो टीव्हीला नाक लावून बसायचा.

“वास घेतोस का?” कापेम्ब्वा विचारायचा. “आत उंदीर नाहीत रे!”

टपरीतले सगळे हसायचे. जेरेही हसायचा, हसणं भाग होतं. मग त्याने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, त्यावरही हसून झालं. शाळेचे कपडे दुसऱ्या शिंप्याकडे गेले. एका सकाळी त्याची बायको त्याला हाताला धरून घेऊन आली, तेव्हा कोणी हसलं नाही.

“लाव आता तिसरा,” जेरे म्हणाला. “दुसरा अर्धा राहिलाय. चालेल का मालकाला?”

कापेम्ब्वाने लावला. आणि काय निघालं माहीत आहे? सुरुवातीलाच एक म्हातारी चुलीपाशी बसून मागची सगळी गोष्ट सांगते. मी आणि दुसरा, दोघंही पाच मिनिटांत आटपलो. माझ्या नऊ वेळच्या पुलाला तिने अर्धं वाक्य दिलं.

नियम करणाऱ्याने स्वतः तिसरा कधी लावून पाहिला नव्हता. दुसरा संपवायचा राहिला होता ना त्याचा!

कापेम्ब्वाच खेळत होता; पुढे बाजार आला, आपसूक सरकत जाणारा. कापेम्ब्वाचा हात थांबला.

“काय दिसतंय?” जेरेने विचारलं.

“शिंपी आहे. तूच आहेस. ते काळं मशीन, ती मोडकी खुर्ची.”

“आणखी?”

“हातात सुई धरलीये. सुईत दोरा ओवतोयस. पहिल्याच फटक्यात.”

 जेरे मान हलवून हसला.

“पुरे रे, माकडखाऊ. आंधळ्याची थट्टा तरी नीट कर.”

“आईशप्पथ, जेरे! खरंच आहे!”

“हो, हो. आणि माझा पायही मोडलाय.”

बायको बिचारी पडद्याकडे वळली, पण तोवर बाजार मागे पडला होता. कापेम्ब्वाने माघारी न्यायची धडपड केली, त्याला जमेना. जेरे उठून बायकोचा हात धरून गेला. तियामिकेला निरोप पाठवला म्हणतात : बघितलं, छान काढलंयस.

कापेम्ब्वाने नियम पुसला. मला दोरी बांधून भाजीच्या वाफ्यावर टांगलं, पाखरं हाकलायला. ऊन पडलं की मी चमकतो, वारा आला की गरगरतो. माझ्यात एक अख्खं नगर आहे आणि चिमण्या मला भितात.

तुम्हाला एकच सांगतो. जो भाग बघावासा वाटतो, तो आज बघा. मला आधी खेळा असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. मी म्हणालो तरी ऐकू नका. मला अजूनही कोणीतरी खेळावं असं वाटतं.